सहा नंबरची बरणी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मार्लिस टोस्ट्रडने फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ती मटकन बसली.

"लुंडीनांनी शेत विकलं," ती म्हणाली. "रिंगणासकट. नवा मालक तिथे सोयाबीन पेरणार म्हणे."

टेबलाच्या पलीकडे तिचा नवरा व्हर्लिन वर्तमानपत्राच्या आड होता. वर्तमानपत्र जरासं हललं, पण बोललं नाही.

बातमी साधी नव्हती. मार्लिसच्या पथकात आठ बायका आणि आठ घोडे होते. त्यातली सर्वांत तरुण बाई अठ्ठावन्न वर्षांची. ऑगस्टमध्ये काउंटीची जत्रा भरते, तिची सुरुवात गेली एकोणतीस वर्षं हेच पथक करत आलं होतं. हातात झेंडे घेऊन जोडीजोडीने दौडत यायचं, एकमेकींना छेदून जायचं आणि कुणीही कुणावर आदळायचं नाही, असा तो खेळ. तो सगळा सराव लुंडीनांच्या रिंगणात व्हायचा. यंदा तिसावं वर्ष होतं. मार्लिसची घोडी मटिल्डा एकोणीस वर्षांची झाली होती आणि ही तिची शेवटची जत्रा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्याने मात्र कुणी म्हणत नव्हतं. सरावाला जागा नाही म्हणजे जत्रा नाही, आणि जत्रा नाही म्हणजे मटिल्डाचा निरोपही नाही.

"मी बांधतो," वर्तमानपत्र म्हणालं.

"काय बांधतोस?"

"रिंगण. गोठ्यामागे जागा पडून आहे. खडी आहे, ट्रॅक्टर आहे. आणि वाळू..." वर्तमानपत्र खाली आलं. "वाळूबद्दल मला कुणी शिकवायला हवं का?"

तशी गरज खरोखरच नव्हती. विस्कॉन्सिन राज्याच्या त्या पश्चिम टोकाला टेकड्याच्या टेकड्या वाळूच्या आहेत, आणि ती वाळू आगगाडीने दूर तेलाच्या विहिरींकडे जाते. विहिरीच्या तळाशी खडकाच्या भेगा उघड्या राहाव्यात म्हणून ती आत कोंबतात. दाणा गोल हवा, मण्यासारखा गोल, म्हणजे दाण्यादाण्यांमधून तेल सुळकन वाहून येतं. टोकेरी दाणे एकमेकांत रुतून बसतात आणि वाट बंद करतात. व्हर्लिन सव्वीस वर्षं वाळूच्या कारखान्यात तपासनीस होता. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं, गोल दाण्याला पसंत म्हणायचं आणि टोकेरी दाण्याला लाल चिठ्ठी द्यायची, हे त्याचं काम. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्याला घड्याळ न देता तो जुना सूक्ष्मदर्शकच दिला होता. तो फ्रीजवर, पावाच्या डब्याशेजारी, मानाने बसलेला असे.

ह्या विद्येने घरात एकच खिंडार पाडलं होतं. मार्लिसचा धाकटा भाऊ ऑरिन हाउगन स्वतःच्या टेकडीतून वाळू काढून कारखान्याला द्यायचा. नऊ वर्षांपूर्वी व्हर्लिनने त्याचा अख्खा ढीग नापसंत केला. साठ ट्रक वाळू एका लाल चिठ्ठीने जागच्या जागी मेली. ऑरिनने खाण बंद केली, गाई घेतल्या आणि मेहुण्याशी बोलणं सोडलं. त्या भागात रस्त्यावर समोरून कुणीही आलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं असतं. ओळख असो वा नसो, एवढं तरी माणूस करतोच. ऑरिनचं बोट नऊ वर्षांत उचललं गेलं नव्हतं. सणाला मार्लिस एकटीच भावाकडे जायची आणि येताना उरलेली टर्की डब्यातून आणायची. व्हर्लिन ती खायचा, पण चांगली झालीय असं म्हणायचा नाही.

तर रिंगणाचं काम सुरू झालं, आणि दणक्यात सुरू झालं. व्हर्लिनने जमीन खरवडली, एका अंगाला उतार दिला, खडी पसरली, वर खडीचा बारीक कच टाकून दाबला. पाऊस झाला की दहा मिनिटांत पाणी बाहेर. तो स्वतः पावसात छत्री धरून उभा राहिला आणि घड्याळ लावून त्याने खात्री केली.

मधे एकदा घोड्यांच्या डॉक्टर प्रीबेबाई मटिल्डाला तपासायला आल्या. त्यांनी तिच्या उजव्या पुढच्या पायावरून हात फिरवला.

"पायामागची शीर जुनी झालीय," त्या म्हणाल्या. "पण कामापुरती आहे. फक्त जमीन नीट निवडा. घसरडी नको, फार खोलही नको. ही शीर एकदा गेली की घोडी नुसती कुरणात उभी राहील."

"काळजी सोडा, डॉक्टर. मी निश्चिंत आहे," व्हर्लिन म्हणाला.

"मी नाही," डॉक्टर म्हणाल्या.

आता वर काय पसरायचं, एवढंच उरलं होतं. हे ठरवायला मे महिन्यात पथकाची बैठक टोस्ट्रडांच्या स्वयंपाकघरात भरली. लिंबाच्या वड्यांचं ताट मधोमध होतं. घोडेवाल्या आठ बायका एका खोलीत बसवल्या की जमिनीबद्दल किती मतं निघतात, हे व्हर्लिनने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही हात संपल्यावर सोडून दिलं.

"लाकडाचा भुसा," आर्डिस म्हणाली. "माझ्या आईने आयुष्यभर भुशावर घोडे चालवले."

"आणि आयुष्यभर शिंकली," लावोन म्हणाली. "आजकाल टायरचा चुरा टाकतात. गादीसारखा लागतो."

"उन्हाळ्यात त्याला टायरचा वास येतो ना गं."

"मग तुझ्या भुशाला काय गुलाबाचा येतो?"

कुणी म्हणालं जुन्या गालिच्यांच्या चिंध्या वाळूत मिसळतात, कुणी म्हणालं काहीच नको, देवाने जमीन दिलीय तीच बरी. व्हर्लिनने हात वर केला. सव्वीस वर्षं तपासनीस राहिलेला माणूस हात वर करतो तेव्हा बायकासुद्धा गप्प होतात.

"वाळूच," तो म्हणाला. "बाकी सगळे लाड. प्रत्येकीने आपल्याला बरी वाटेल ती वाळू जॅमच्या बरणीत भरून आणा. नाव लिहू नका, मला कुणाची भीड नको. मी तपासून निकाल देतो."

पुढच्या गुरुवारी खिडकीच्या कठड्यावर आठ बरण्या उभ्या राहिल्या. व्हर्लिनने सूक्ष्मदर्शक खाली उतरवला, पुसला आणि एकेक चिमूट काचेवर घेऊन निकाल देऊ लागला. एक नंबरमध्ये माती. दोन नंबरात गोगलगायीची शिंपली, ही नदीकाठची. तीन बरी, पण धूळ फार. सहा नंबरपाशी त्याने डोळा काढला, परत लावला आणि जोरात हसला.

"हिला वाळू म्हणायचं? ही तर फुटक्या काचेची बरणी आहे! एक दाणा धड गोल असेल तर शपथ. माझ्या टेबलावर ही आली असती ना, तर चिठ्ठी लिहायच्या आधी माणसालाच हाकलला असता."

मार्लिस कॉफी ओतत होती. तिचा हात क्षणभर थांबला.

"वेगळंच म्हणायचं तुझं परीक्षण," ती म्हणाली, आणि उरलेली कॉफी तिने स्वतःच्या कपात ओतली.

त्या मुलखात तोंडावर नावं ठेवायची पद्धत नाही, हे इथे सांगायला हवं. एखादी गोष्ट अगदी टाकाऊ वाटली तर माणसं "वेगळंच आहे" म्हणतात आणि हवेपाण्यावर येतात. डोळ्यांत पाणी यावं इतकी आवडली तर "वाईट नाही" म्हणतात. ह्याच्या खाली निंदा नाही आणि ह्याच्या वर स्तुती नाही. व्हर्लिन ह्याच मातीतला, त्यामुळे त्याला अर्थ कळायला हवा होता. पण त्याचा डोळा सात नंबरच्या बरणीवर गेला होता.

आठही बरण्या नापास झाल्या. मग व्हर्लिनने जुन्या कारखान्यात फोन केला, आणि जुन्या माणसाचा मान म्हणून त्यांनी अकरा ट्रक अव्वल माल पाठवला. पांढरीशुभ्र, धुतलेली, साखरेसारखी वाळू, दाणा न् दाणा गोल. ती चार बोटं जाडीने रिंगणभर पसरली तेव्हा शेजारपाजारचे लोक गाड्या थांबवून बघून गेले. व्हर्लिन कुंपणाला टेकून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मार्लिसला त्याच्याकडे बघवेना.

शनिवारी पथक आलं. मार्लिस मटिल्डाला घेऊन पहिली आत शिरली. घोडीने एक पाऊल टाकलं, ते अर्धा हात पुढे गेलं. दुसरं टाकलं, ते बाजूला गेलं. तिने कान मागे पाडले आणि गोठलेल्या तळ्यावर उभं केल्यासारखी चारही पाय फाकून ती जागच्या जागी थांबली. मागून लावोनचा तांबडा घोडा उत्साहाने दौडत आला, वळला, आणि त्याचं मागचं अंग हळूच जमिनीला टेकलं. तो कुत्र्यासारखा बसला. लावोन त्याच्या पाठीवरून अलगद घसरत शेपटीपाशी येऊन वाळूत बसली. लागलं कुणालाच नाही, पण दोघंही एकमेकांकडे बघत बराच वेळ तशीच बसून राहिली.

मार्लिस खाली उतरली. मटिल्डाच्या उजव्या पायावर हात ठेवून तिने शीर चाचपली आणि लगाम धरून पावलापावलाने तिला बाहेर आणलं. व्हर्लिनपाशी आल्यावर ती थांबली.

"वेगळंच आहे," ती म्हणाली.

अडतीस वर्षांच्या संसारात हे शब्द तिने त्याला क्वचितच ऐकवले होते. एकदा त्याने मिशी ठेवली तेव्हा, आणि आता एका महिन्यात दोनदा.

"थर पातळ पडला," व्हर्लिन म्हणाला. "खूर खालच्या कचाला लागतोय, म्हणून घसरतोय. अजून टाकू."

अजून सात ट्रक आले. थर सात बोटांवर गेला. आता खूर कचाला लागेना, कारण तो वरच येईना. घोडे दलदलीतून चालल्यासारखे चालू लागले. पाच मिनिटांत आर्डिसच्या घोड्याने आपण घरी जातोय असं स्वतःच ठरवलं आणि तो गेलाही, आर्डिसला घेऊन.

"ओल कमी आहे," व्हर्लिन म्हणाला. "पाणी मारलं की दाणा बसतो."

पाण्यासाठी त्याने लायलला सांगितलं. लायल गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख, आणि रोज सकाळच्या कॉफीचा त्याचा जोडीदार. "तसंही पंप चालवून बघायचाच होता," असं म्हणत तो पाण्याचा बंब घेऊन आला. बंबाने सगळं पाणी रिंगणात ओतलं. वाळू सुरेख बसली. व्हर्लिनने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. दहा मिनिटांनी सगळं पाणी खालून निघून गेलं, कारण निचरा त्यानेच केला होता आणि अप्रतिम केला होता.

"दाबायला हवी," व्हर्लिन म्हणाला. आता त्याचा आवाज जरा चढला होता.

शाळेच्या बेसबॉल मैदानाचा लोखंडी रूळ मागून आणला आणि ट्रॅक्टरमागे जोडला. रिंगणाच्या मध्यापर्यंत पोचेतो रुळाने आपल्यापुढे वाळूचा हा एवढा डोंगर जमवला. ट्रॅक्टरने जोर केला. चाकं गरागरा फिरली, पांढरी वाळू कारंज्यासारखी उडाली आणि ट्रॅक्टर आसापर्यंत खाली बसला.

"थांब, ओढून काढतो," लायल म्हणाला. तो मदतीला कधी नाही म्हणत नसे. त्याने बंब उलटा आत घेतला, साखळी लावली आणि पायडल दाबलं. आता बंबही बसला.

वातावरण एकदम बदललं. ट्रॅक्टर रुतला तर माणसं हसतात. गावचा एकमेव आगीचा बंब म्हाताऱ्या बायकांच्या रिंगणात रुतला म्हणजे गावात कुणाच्या चुलीवर तूप जळालं तरी पंचाईत. लायल टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"व्हर्लिन, ह्याला ओढेल असा ट्रॅक्टर ह्या अख्ख्या खोऱ्यात एकच आहे."

"माहीत आहे."

"मग फोन कर ना बाबा."

"करणार नाही."

"मी केलाय," मार्लिस स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "निघालाय तो."

वीस मिनिटांत ऑरिनचा हिरवा ट्रॅक्टर आला. घराएवढी चाकं, आणि वर निळ्या टोपीतला ऑरिन. त्याने कुणाला रामराम केला नाही. बंब ओढून काढला, मग ट्रॅक्टर, मग रूळ. साखळी गुंडाळताना त्याने खाली वाकून मूठभर वाळू उचलली, बोटांतून सोडली, मनगटाच्या आतल्या बाजूवर थोडी चोळली.

"सुंदर गोल आहे," तो वाळूला म्हणाला. "दाण्याला दाणा धरतच नाही."

आणि तो निघून गेला. नऊ वर्षांतलं हे पहिलं वाक्य, आणि तेही व्हर्लिनला उद्देशून नव्हतं.

व्हर्लिन स्वयंपाकघरात जाऊन बसला. माणूस हट्टी होता, पण मूर्ख नव्हता. सव्वीस वर्षं त्याने हेच बघितलं होतं की दाण्याने दाण्याला धरता कामा नये. धरलं की नापास. आणि घोड्याला हवं होतं नेमकं ते: खूर पडला की पायाखालच्या दाण्यांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवायचं. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि जरा भीतीही, कारण मटिल्डाचा पाय त्या दिवशी थोडक्यात वाचला होता.

त्याने सूक्ष्मदर्शक खाली घेतला, खिडकीतली सहा नंबरची बरणी उघडली आणि डोळा लावला. टोकेरी, कोनेरी, एकमेकांत अडकून बसणारे स्वच्छ दाणे. धूळ नाही, माती नाही. घोड्यासाठी ह्याहून चांगली वाळू कुणी करून दिली असती तरी झाली नसती.

"सहा नंबर कुणी आणली होती?" त्याने विचारलं.

"मी," मार्लिस म्हणाली.

"कुठून?"

"तुला माहीत आहे कुठून."

त्याला माहीत होतं. साठ ट्रक, वर आता गवत उगवलेलं. त्याने टोपी घातली आणि गाडीची किल्ली घेतली.

ऑरिन गोठ्यात होता. व्हर्लिन दारात उभा राहिला. आधी पावसावर बोलणं झालं, कारण ते व्हावंच लागतं. मग दुसऱ्या कापणीच्या चाऱ्यावर. मग कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ह्यावर. एका गाईने मधे येऊन व्हर्लिनची बाही चाटली, तेव्हा विषय संपले.

"वाळू हवीय," व्हर्लिन म्हणाला.

"कुठली?"

"तुझी."

ऑरिन बाहेर आपल्या गाडीकडे गेला, काचेवरच्या ऊन अडवायच्या झापेमागे हात घालून त्याने एक घडी पडलेला कागद काढला आणि आत आणला. लाल रंग उन्हाने गुलाबी झाला होता. खाली सही स्पष्ट होती.

"ही कचरा आहे म्हणून एका मोठ्या माणसाने लिहून दिलंय," तो म्हणाला.

"कचरा लिहिलं नाही. नापसंत लिहिलंय. तपासणी बरोबर होती, ऑरिन. आजही केली तरी हाच निकाल देईन. तेलासाठी ती चालली नसती."

"मला ठाऊक आहे ते."

व्हर्लिन बघतच राहिला. "मग नऊ वर्षं कशाचा राग?"

"चिठ्ठी सोमवारी आली," ऑरिन म्हणाला. "एका कारकुनाच्या हातून. तू तपासलीस शुक्रवारी, तारीख आहे इथे. आणि मधल्या रविवारी तू माझ्या घरी जेवायला होतास. बटाटे दोनदा घेतलेस. तीन तास बसलास, ट्रकच्या टायरवर बोललास, आणि माझं दुकान बंद झालंय हे खिशात ठेवून घरी गेलास."

गाई रवंथ करत होत्या. व्हर्लिनला वाटलं, कुणीतरी पावसावर बोलावं. पण इथे बोलायला दुसरं कुणीच नव्हतं.

"मला तो घास गिळवत नव्हता," तो शेवटी म्हणाला. "तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही, म्हणून दुसऱ्यांदा घेतले. मी भ्यालो होतो. सांगायला हवं होतं मी. तुझ्या तोंडावर, त्याच टेबलावर. चुकलं माझं."

इतकं स्पष्ट त्या खोऱ्यात बहुधा कुणी कधी बोललं नसावं. ऑरिन इतका अवघडला की त्याने एका गाईची साफ असलेली पाठ पुन्हा साफ केली.

"गुरुवारी ट्रक पाठवतो," तो म्हणाला. "आणि तुझी ती पांढरी?"

"खरवडून कुंपणाशी ढीग घालतो. कुणाच्या उपयोगाची नाही."

"हूं," ऑरिन म्हणाला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑरिनची वाळू पडली. रंगाने मातकट, दिसायला काही खास नाही. चार बोटं थर, एक बोटही जास्त नाही; व्हर्लिनने पट्टी घेऊन शंभर ठिकाणी मोजला. कुणी गाड्या थांबवून बघायला आलं नाही. मार्लिस मटिल्डाला घेऊन आत गेली. घोडीने एक पाऊल टाकलं आणि वाट पाहिली. पाऊल जिथे ठेवलं तिथेच होतं. तिने दुसरं टाकलं. मग कान पुढे आले, आणि कुणी न सांगता ती दौडू लागली. एक फेरा, दोन फेरे, उलट वळून तिसरा. खुरांचा आवाज खोल आणि भरीव येत होता. कुंपणाशी व्हर्लिन फेरे मोजत होता. मार्लिस त्याच्यापाशी येऊन थांबली. तिचे गाल लाल झाले होते आणि ती एकदम तिशीतली दिसत होती.

"वाईट नाही," ती म्हणाली, आणि घाईघाईने घोडी वळवली.

व्हर्लिन गोठ्यात जाऊन थोडा वेळ उभा राहिला. डोळ्यांत वाळू गेली असं त्याने लायलला सांगितलं.

जत्रा झाली. आठ घोडे जोडीजोडीने आले, एकमेकांना छेदून गेले, कुणी कुणावर आदळलं नाही. शेवटी मटिल्डा एकटी पूर्ण रिंगण दौडून आली. लाकडी पायऱ्यांवर व्हर्लिन आणि ऑरिन शेजारी शेजारी उभे होते, दोघांच्या टोप्या हातात होत्या आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते. परत जाताना फाट्यावर ऑरिनची गाडी समोरून आली. त्याचं बोट स्टिअरिंगवरून उचललं गेलं. फार नाही, इंचभर.

पुढच्या रविवारी ऑरिन टोस्ट्रडांकडे जेवायला आला. तो बसला नाही. भाजलेलं मांस, वाटाणे, बटाट्यांचं मोठं भांडं, सगळं टेबलावर मांडलेलं होतं, आणि व्हर्लिनने नुकताच डाव उचलला होता.

"डाव खाली ठेव," ऑरिन म्हणाला. त्याने खिशातून लाल चिठ्ठ्यांची जुनी गड्डी काढली. खाणीच्या कचेरीत पडून राहिलेली ती गड्डी होती. वरची चिठ्ठी भरलेली होती. "कुंपणाशी जो ढीग आहे तुझा, तो तपासला. हातात देतोय, स्वतः देतोय, आणि जेवायच्या आधी देतोय."

व्हर्लिनने चष्मा लावून वाचलं. नापसंत. कारण: दाणा फार गोल. खाली ऑरिन हाउगनची सही, तारखेसकट. मार्लिसने तोंडावर रुमाल धरला.

"पण माझ्या गाईंना त्याची जाण नाही," ऑरिन बसत म्हणाला. "नदीच्या खडबडीत वाळूवर झोपून त्यांचे गुडघे सोलवटतात. चार पाट्या टाकून पाहिल्या, तर तिथून एकही उठेना. मंगळवारी घेऊन जातो सगळी."

"देशातला सगळ्यात गोल दाणा," व्हर्लिन म्हणाला, "आणि त्यावर तुझ्या गाई लोळणार."

"त्यांना वाईट नाही वाटली."

जेवण रंगलं. नऊ वर्षांचं बोलायचं साठलं होतं, त्यामुळे पाऊस, चारा, टायर सगळं घेऊन झालं. व्हर्लिनने ताट संपवलं आणि बटाट्यांकडे दुसऱ्यांदा हात नेला. ऑरिनचा घास अर्ध्यात थांबला.

"तू दुसऱ्यांदा बटाटे घेतोस ना, मला धडकी भरते," तो म्हणाला. "काही सांगायचं राहिलंय का?"

व्हर्लिनने डाव खाली ठेवला. उन्हाळाभर तो बरंच काही शिकला होता, आणि मनातलं तोंडावर बोलून टाकलं की किती हलकं वाटतं, हे त्याला नव्यानेच कळलं होतं. तो भरल्या मनाने बायकोकडे वळला.

"हो. आता लपवत नाही," तो म्हणाला. "मार्लिस, बटाट्यात मिरी फार होते. अडतीस वर्षं होतेय."

ऑरिन ताटातले वाटाणे मोजू लागला. मार्लिसने रुमाल घडी करून ठेवला, चष्मा लावला आणि भावापुढे हात पसरला.

"ऑरिन," ती म्हणाली, "त्या गड्डीत एखादी कोरी चिठ्ठी उरलीय का रे?"